सुनेचं कॉलेज आणि उसातली वस्ती

आमचा कुत्रा गेला त्याच संध्याकाळी सून डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या परीक्षेत पास झाल्याचं कळलं. दोन्ही गोष्टी एका दिवशी घडल्या म्हणून माझ्या डोक्यात त्या एकाच दाव्याला बांधलेल्या आहेत. एक ओढली की दुसरी येते.

आळेफाट्यापासून आत, ओतूरच्या अंगाला आमची वस्ती. चारी बाजूंनी ऊस. धरणाचं पाणी आलं तसा ऊस आला आणि उसामागून बिबट्या आला. आधी ते डोंगरातलं जनावर. उसात त्याला सावली मिळाली, पाणी मिळालं, वस्त्यांवरची कुत्री-शेरडं मिळाली, मग ते कशाला डोंगरात जातंय? माद्या उसातच व्यायला लागल्या. ऊसतोड आली की फडात मांजरीएवढी पिल्लं सापडायची. मी हे सगळं बघत होतो, पण नात झाली तोवर मला त्याची भीती अशी नव्हती. जनावर आपल्या वाटेनं, आपण आपल्या.

सून आमच्याकडं आली ती बारावी होऊन. मार्क लई चांगले होते म्हणे, पण तिचे वडील अचानक वारले आणि भावांनी लग्न उरकून टाकलं. वर्षाच्या आत मुलगी झाली. माझा मुलगा चाकणला कंपनीत कामाला, सुट्टीला घरी यायचा. एका सुट्टीला म्हणाला, "दादा, ही डॉक्टरची परीक्षा देनार हाय." मी म्हणालो, "दे म्हनावं." मनात म्हटलं, पास कुठं होतीय! मी स्वतः तिसरीत शाळा सोडलेला माणूस. लग्न होऊन, पोर होऊन कुणी डॉक्टर झाल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण तिचा अभ्यास मी बघत होतो. नातीला झोळीत टाकायची, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि पुस्तक मांडीवर घ्यायची. पाय हलतोय, झोळी हलतीय, डोळे पुस्तकात. पोर झोपून गेली तरी पाय हलायचा थांबत नसे.

निकालाच्या दिवशी ती ओतूरला गेली होती. बायको चुलीपाशी. मी म्हशीला दावणीला बांधत होतो. झोळी दारातल्या निंबाला, आणि झोळीखाली आमचा कुत्रा बसलेला. तो भुंकला नाही. भरलेलं पोतं ओढत न्यावं तसा आवाज आला, तेवढाच. मी वळून बघितलं तर कुत्रा नव्हता. झोळी हलत होती.

मी किती वेळ तिथंच उभा होतो कुणास ठाऊक. मग धावलो आणि झोळीत हात घातला. नात झोपलेली, तोंडात अंगठा. तिला छातीशी धरली तोवर बांधावरून सून येताना दिसली, हातात पेढ्याचा पुडा, लांबूनच ओरडत, "मामा, लागला नंबर! लागला!" मी नातीच्या टाळूवर तोंड टेकलं. तिला वाटलं सासरा आनंदानं गहिवरला.

*

नंबर असा होता की दोन ठिकाणी जागा मिळत होती. एक कॉलेज पुण्याच्या अलीकडं, खाजगी, नवीन. दुसरं मराठवाड्यात, सरकारी, जुनं. फाट्यावर उभं राहिलं की एक रस्ता पुण्याला जातो, एक नगरकडं. तसा सोपा प्रश्न होता. पुण्याच्या रस्त्याला गेली तर ती, मुलगा आणि नात चाकणला एका खोलीत राहणार. पोर आईबापाजवळ आणि उसापासून लांब. नगरच्या रस्त्याला गेली तर होस्टेलवर लेकरू चालत नाही. म्हणजे नात आमच्यापाशी, उसात, झोळीत. वर्षानुवर्षं.

मी लगेच सांगून टाकलं, जवळचं.

सून म्हणाली, "मामा, लांबचं चांगलं हाय म्हणतात. जुनं हाय."

मुलगा म्हणाला, "न बघता कसं ठरवायचं?"

हे मात्र माझ्या मनासारखं बोलला. आमच्यात सोयरीक करायची तर आधी घर बघतात. चार शहाणी माणसं जातात. विहीर बघतात, गोठा बघतात, घरातलं म्हातारं माणूस कुठं निजवलंय ते बघतात. पाणी पितात, पण अन्नाला शिवत नाहीत. पसंत पडलं तरच जेवायचं. जेवले म्हणजे सोयरीक झाली, मग माघार नाही. मी म्हणालो, सून तरी दुसऱ्या घरीच द्यायची आहे, मग स्थळ बघायला मीच जाणार. बरोबर मेव्हण्याला घेतलं. माणूस बडबड्या, पण रस्त्याला सोबत बरी.

जवळच्या कॉलेजात गेलो तर फाटकावरच्या माणसानं सलाम ठोकला. बाग, कारंजं, फरशी अशी की मेव्हण्यानं वहाणा काढून हातात घेतल्या. दवाखाना कॉलेजालाच जोडलेला. लांबच लांब वॉर्ड, खाटांवर इस्त्रीच्या चादरी, एकीलासुद्धा सुरकुती नाही. एका कोपऱ्यात दोन-तीन पेशंट होते, बाकी शांत. मशीनचं गार पाणी प्यायलो. दात आंबले.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, आजारी पडावं तर इथं! मला उद्याच ॲडमिट करा."

"तुला काय झालंय?"

"व्हईल की काही. एवढी गादी बघून न्हाई झालं तर माझंच नशीब खोटं."

मला पसंत पडलं. स्वच्छ घर, गोड पाणी, माणसं मर्यादेची. परत येताना छातीवरचं ओझं हलकं झालं होतं.

दुसऱ्या आठवड्यात फाट्यावरून नगरमार्गे मराठवाड्याची एसटी धरली. गेलो, आणि दवाखान्याच्या फाटकातच थांबलो. बाहेर झाडाखाली नातेवाइकांच्या चुली पेटलेल्या, तीन-तीन दगडांच्या. आत खाटा भरलेल्या, खाटांच्या मधे जमिनीवर माणसं, जिन्यातसुद्धा माणसं. फिनाईलचा वास आणि त्या वासाखाली दुसरा वास. एक पोरगी, आमच्या सुनेच्याच वयाची, पांढरा कोट घातलेली, धावत गेली. तिच्या कोटाला रक्त होतं. एका खाटेवर भाजलेली बाई केळीच्या पानावर निजवलेली. तिचं तोंड मी बघितलं आणि मग बघितलं नसतं तर बरं झालं असतं असं झालं. लहान मुलांच्या वॉर्डात तर मी दारातूनच फिरलो. एवढी पोरं एकाच आवाजात रडत होती. मला वाटलं, आपली सून रोज इथून होस्टेलवर जाणार आणि काय काय अंगावर घेऊन जाणार?

बाहेर आलो तर झाडाखालच्या एका म्हातारीनं हाक मारली, "या की भाऊ, दोन घास खा. लांबून आल्यावानी दिसता." तिचा नवरा आत होता. भाकरी आणि पिठलं. मी हात जोडले. म्हणालो, "माय, आमच्यात अजून पसंती झाली न्हाई." तिला काय कळणार! आणि मागं वळतो तर मेव्हणा मांडी घालून बसलेला, तोंडात घास.

"पावणं! काय करताय?"

"भूक लागलीय, दाजी."

"रीत काय हाय आपली?"

त्यानं घास गिळला. मग हसला. "मंग झाली सोयरीक. आता तुमी न्हाई म्हनलं तरी मी तर जेवलोय."

सगळ्या रस्त्यात मी त्याच्याशी बोललो नाही.

*

घरी येऊन मी सगळ्यांना बसवून सांगितलं. जवळच्याचं कौतुक केलं. फरशी सांगितली, गार पाणी सांगितलं, मोकळ्या खाटा सांगितल्या. लांबच्याचं जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढंच सांगितलं. सून पोरीला पाजत ऐकत होती. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "मामा, खाटा मोकळ्या व्हत्या?"

"लई मोकळ्या. निवांत कारभार."

"मामा, रिकाम्या गोठ्यात धार काढायला शिकता येतं का?"

बायको गालात हसली. मी उठून बाहेर गेलो. सासऱ्याला सून शिकवणार, तेही म्हशीचं उदाहरण देऊन! मी बाहेरूनच म्हणालो, "आणि पोर? तिला कुनाच्या गोठ्यात बांधनार?"

आतून सुनेचा रडायचा आवाज आला, तोही दाबलेला. मी उसाकडं बघत बसलो. वारा नव्हता तरी उसाचं वाळलेलं पाचट वाजत होतं. त्या दिवसांत पाचट वाजलं की मी आधी झोळीत हात घालून बघायचो.

पंधरवडा गेला असेल. शेजारच्या वस्तीवरची बाई दिवसाढवळ्या गुरांसाठी घास कापायला बसली होती. खाली वाकलेलं माणूस बिबट्याला शेरडासारखं दिसतं. जनावरानं मागून झेप घेतली. तिच्या जावेनं आरडाओरडा केला, डबा वाजवला, तेव्हा ते सोडून गेलं. आम्ही पोचलो तर बाई बसलेली होती, पण डोक्याची कातडी कपाळावर आली होती. मला पुढं जाववेना. सून पुढं गेली. पदराचा घट्ट बोळा करून दाबून धरला आणि जीपमध्ये तशीच तिच्या बाजूला बसली. मी पुढच्या सीटवर.

जवळच्या गावात दवाखाना होता. डॉक्टर तरुण, चेहऱ्यानं गोड पोरगा. त्यानं बोळा उचलला आणि त्याचा चेहरा उतरला. सुई हातात घेतली. सुई थरथरत होती. मी लांबून बघत होतो, मलाही दिसत होती. त्यानं एकदा प्रयत्न केला, पुन्हा केला, मग सुई ट्रेमध्ये टाकली. म्हणाला, "मी असलं कधी बघितलेलं नाही हो. पुण्याला न्या. लवकर न्या."

पुण्यापर्यंतचा रस्ता मी जन्मात विसरणार नाही. जीप पळतीय, मागं बाई कण्हतीय, मधेच गप्प होतीय. ती गप्प झाली की मी मागं वळायचो आणि सून म्हणायची, "हाय, मामा. जिती हाय." तिचा हात कोपरापर्यंत लाल झाला होता, पण कापत नव्हता. मला वाटेत तो डॉक्टर पोरगाच दिसत राहिला. वाईट पोर नव्हतं ते. त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. कुठल्या तरी गार पाण्याच्या, इस्त्रीच्या चादरीच्या जागी शिकला असेल, असं मनात आलं. तसा काही पुरावा नाही माझ्याकडं, पण मनात आलं ते आलं.

बाई वाचली. अजूनही भेटते. डोक्यावर पदर घट्ट घेते.

*

जागा निवडायला मुंबईला बोलावलं होतं. मुलाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून माळशेज घाटातून मी, सून आणि नात एसटीनं गेलो. पोर अजून अंगावर पीत होती, तिला घरी ठेवायची सोय नव्हती. घाटात धुकं एवढं की ड्रायव्हर दाराशी उभ्या कंडक्टरला विचारत गाडी चालवत होता. सून पोरीला पोटाशी धरून डोळे मिटून बसली होती. मागच्या सुट्टीला मुलगा मला म्हणाला होता, "तुमी म्हनाल तसं, दादा." मेव्हणा तेवढा फाट्यापर्यंत आला होता आणि गाडी हलताना खिडकीतून ओरडला, "मी जेवलोय तिथं, ध्यानात ठेवा!"

मोठा हॉल. समोर फळा, फळ्यावर सगळ्या कॉलेजांची नावं आणि पुढं उरलेल्या जागा. एकेकाला हाक मारायचे, पोरगं जायचं, बोट ठेवायचं, आणि एक माणूस खडूनं आकडा पुसून कमी करायचा. मला वाचायला वेळ लागतो, पण आमची दोन नावं मी पाठ करून गेलो होतो. दोन्हींच्या पुढचे आकडे कमी होत होते. जवळच्याचा कमी झाला की मी उरलेल्या जागा बोटांवर मोजायचो. लांबच्याचा कमी झाला तरी मोजायचो. कसली भीती आहे हे मलाच कळेना. दोन्ही संपावेत आणि आपण गपचिप घरी जावं, असंसुद्धा एकदा वाटलं.

सुनेची हाक आली. नात माझ्या खांद्यावर झोपली होती, तशीच घेऊन मीही टेबलापाशी गेलो. टेबलामागच्या साहेबानं विचारलं, "कुठलं?"

सून काही बोलेना. घरात मला गोठा शिकवणारी पोरगी, आणि इथं मान खाली. साहेबानं पुन्हा विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. सोयरिकीचा शब्द मोठ्या माणसानं द्यायचा असतो. मी स्थळ बघून आलोय, रीतीचा घोशा मीच लावलाय, मग शब्द माझाच. ती रीत पाळत होती. माझीच रीत तिनं माझ्या गळ्यात अडकवली होती.

मागची माणसं कुजबुजायला लागली. "काका, लवकर," साहेब म्हणाला.

माझ्या खांद्याला नातीचा श्वास लागत होता. एकदा झोळी दिसली, हलणारी, खाली कुत्रा नसलेली. मग ट्रेमध्ये टाकलेली सुई दिसली. मी लांबच्या कॉलेजाचं नाव घेतलं.

साहेब म्हणाला, "नक्की? एवढ्या लहान बाळाची आई आहे ती. बाळ कोण सांभाळणार?"

"मी," म्हणालो. बोलल्यावर कळलं की बोललोय.

सुनेनं मान वर केली. मी तिच्याकडं बघितलं नाही. फळ्यावरचा आकडा पुसला गेला तेवढं बघितलं.

*

रान आणि म्हैस मेव्हण्याला वाट्यानं दिली. तो म्हणाला, "दाजी, आया झालात की!" मी म्हणालो, "तू जेवलास, त्याची भरपाई करतोय." बायको, मी, सून आणि नात कॉलेजच्या गावी एका खोलीत राहायला गेलो. मुलगा सुट्टी मिळाली की यायचा. बायको स्वयंपाकपाणी बघायची, पोर माझ्याकडं.

तिथं बिबट्या नव्हता. रानच नव्हतं जवळ. तरी दिवस कलला की मी नातीला उचलून आत घ्यायचो आणि कडी लावायचो. गल्लीतली पोरं खेळत असायची आणि आमची दाराच्या फटीतून बघायची. शेजारीण म्हणायची, "आजोबा, इथं मांजरसुद्धा धड न्हाई हो." हसू द्या. कडी मी काढली नाही.

आणि मला तिथं नवी भीती लागली. पहिल्या वर्षाला मेलेली माणसं फाडून शिकवतात. सून संध्याकाळी यायची तर अंगाला त्या औषधाचा वास, डोळ्यात पाणी आणणारा. आमच्यात मर्तिकाहून आलेलं माणूस अंघोळ केल्याबिगर लेकराला शिवत नाही. ही रोजच मर्तिकाहून येणार! मी दारात बादली ठेवायला लागलो. ऊन पाणी, त्यात निंबाचा पाला. ती आली की आधी न्हाणीत, मग पोर. तोवर पोर माझ्या हातात, आईला बघून हातपाय झाडत, रडत. सून न्हाणीतून म्हणायची, "आले गं, आले, आजोबाला म्हणावं सोडा." मी सोडायचो नाही. अंघोळ झाल्याबिगर नाही.

एकदा गावात नळाला पाणीच आलं नाही. टँकरही आला नाही. बादली कोरडी, निंबाचा पाला तळाशी वाळलेला. दिवस मावळायला सून आली, दाराशी थांबली, बादलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. थकली होती ती. उंबऱ्याबाहेरच बसली आणि भिंतीला डोकं टेकलं.

"मामा, बसते मी इथं. टँकर येईस्तोवर."

मी नातीला धरून उभा. तीही ओरडायची थांबली होती. अंगठा तोंडात घालून आईकडं बघत होती. तशीच झोपली होती ती त्या दिवशी झोळीत. माझे हात आपोआप सैल झाले का तिनं जोर लावला, सांगता येत नाही. ती सुटली, दुडूदुडू गेली आणि आईच्या मांडीत शिरली. सुनेनं हात वरच धरले होते, शिवायचे नाहीत म्हणून. अशीच बसली ती, हात वर, कुशीत पोर.

"शीव आता," मी म्हणालो.

तिनं हात खाली घेतले.

मग मी बराच वेळ नातीच्या कपाळाला हात लावून बघत होतो, ताप येतोय का. आला नाही. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. मी बादली भरली, पाला टाकला आणि दारात ठेवली.